फळा रिकामा होता

४ एप्रिल

छोटे,

पत्ता बरोबर आहे की नाही देव जाणे. शिंपीणबाईकडून मिळाला, तिला तिच्या सुनेकडून, सुनेला आणखी कुणाकडून. पत्र परत आलं तर समजेन पत्ता चुकला. परत नाही आलं आणि उत्तरही नाही आलं, तर समजेन पत्ता बरोबर आहे.

एकोणतीस वर्षांनी लिहितेय, तेव्हा खुशालीची नाटकं नकोत. तू माझं नाव टाकलंस, ठीक केलंस. पण फाडायच्या आधी एवढं वाच.

खाण कायमची बंद झाली, हे कानावर आलं असेल. कंपनीची घरं पाडली, शाळा पाडली, दवाखान्याचे दरवाजे कुणीतरी उचलून नेले. आता खाणीच्या तोंडाशी एक दगड उभा करायचाय, आत मेलेल्यांची नावं कोरून. यादी मास्तर करतायत. तेच आपले शाळेतले, पोरांचे पाढे चुकले की स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायचे ते. बारा नावं झालीत. तेरावं तुझ्या नवऱ्याचं हवं.

झालं, लिहून टाकलं. आता तू काय म्हणशील ते मला इथं ऐकू येतंय. 'बायको-पोराला टाकून पळालेल्या माणसाचं नाव दगडावर? ताई, डोकं फिरलंय का तुझं?' नाही फिरलं. तो पळाला नाही, छोटे. तो त्या पूर्वेच्या बोगद्यात आहे.

मास्तरांना घरच्या माणसाची सही लागते, अमुक तारखेला खाणीत गेला म्हणून. कागद सोबत ठेवलाय. दहा मेच्या आत पोचायला हवा, त्यानंतर पाथरवट दगडाला हात लावणार नाही. त्याला दुसरी कामं आहेत आणि तो आधीच मास्तरांवर वैतागलाय. सोळा तारखेला दगड बसणार.

सकाळपासून हे पत्र लिहायला चारदा बसले आणि चारदा उठले. एकदा नळ बंद आहे का बघायला, एकदा उगाचच. सून म्हणते, 'आई, जरा एका जागी बसा, मलाच गरगरायला लागलंय.' बसवत नाही त्याला मी काय करू?

तुझा मुलगा तेहतीसचा झाला असेल. बापाचं नाव निघालं की तो ताटावरून उठून जातो, असं ऐकलं. त्याच्यासाठी तरी सही कर.

ताई


१३ एप्रिल

छोटे,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे.

काल रविवार होता. महिन्यातून दोन रविवार आपल्या गावची माणसं शिंपीणबाईच्या दुकानात जमतात. तिची शिवणयंत्रं भिंतीला सरकवायची, बाकं मधे ओढायची आणि बारा वाजेपर्यंत गप्पा ठोकायच्या. आता आम्ही नऊच जण उरलोय. इतक्या आडबाजूच्या गावात तेव्हा सगळे कुरकुरत होते, 'कधी एकदा इथून सुटतो' याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. आता तेच लोक डोळे पुसत त्या गावाच्या आठवणी काढतात. मला हसूही येतं आणि रागही येतो.

काल भोंग्याचा विषय निघाला. आठवतं ना, भोंगा बिघडला होता तो आठवडा? कुणाला जेवायचं कधी ते कळेना, पोरं शाळेत सात वाजताच जाऊन बसली, आणि मास्तर घरी घोरत होते. मग कपडे घरात वाळत घालायची गोष्ट निघाली. बाहेर घातले की अर्ध्या तासात खाणीची धूळ बसून पांढऱ्याचं राखाडी. तुझ्या लेकाची दुपटी तू स्वयंपाकघरात चुलीवर आडवी दोरी बांधून वाळवायचीस आणि ती धुरानं आणखी काळी व्हायची. मी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. शिंपीणबाई म्हणाली, 'धाकटी कुठाय गं तुझी? बोलाव ना तिला.' मी म्हटलं, बोलावते.

मग कंपाउंडरनं तुझ्या नवऱ्याचा किस्सा काढला. सगळे त्याला 'वाऱ्या'च म्हणतात अजून. रांगेत उभं राहायला नको म्हणून दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून आत उडी मारली आणि थेट टिंक्चरच्या बाटल्यांवर पडला, पंधरा दिवस त्याचे पाय जांभळे होते, तोच किस्सा. आणि शेवटी कंपाउंडर म्हणाला, 'वाऱ्याच तो, गेला वाऱ्यावर!' पुन्हा सगळे हसले.

मीही हसले, छोटे. त्यांच्याबरोबर तोंड उघडून हसले.

मग मुकादम बोलायला लागले. आता त्यांना दम लागतो, एका वाक्यात तीनदा थांबतात, पण छाती काढून बोलायची सवय गेली नाही. 'चाळीस वर्षांत,' म्हणाले, 'मी बोगद्याला भिंत घातली तेव्हा भिंतीआड कधी जिवंत माणूस राहू दिला नाही. पूर्वेचा बोगदा कोसळला तेव्हासुद्धा आधी फळा बघितला, मगच विटा मागवल्या.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथं बसवेना. मी उठून घरी आले आणि गच्चीवर तासभर नुसती फेऱ्या मारत राहिले.

सही कर गं. फार विचारू नकोस, नुसती सही कर.

ताई


२० एप्रिल

छोटे,

तुझं कार्ड मिळालं. 'तुला कसं माहीत? आणि कधीपासून?' पुढे ना सही, ना काही. अक्षर अजून तसंच आहे, घाईघाईचं. बघून बरं वाटलं आणि मग वाचून कार्ड पालथं ठेवलं.

पहिल्याचं उत्तर देते.

मी दिवे वाटायचे त्या खाणीच्या दिवाघरात तू कधी आत आली नाहीस, म्हणून नीट सांगते. माझ्या खिडकीशेजारी एक लाकडी फळा होता. त्यावर खिळे, खिळ्याखाली नंबर. खाली उतरणारा माणूस आपला पितळी बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवणार आणि माझ्याकडून दिवा घेणार. वर आला की दिवा परत देणार, बिल्ला काढून खिशात टाकणार. बिल्ला फळ्यावर आहे तोवर माणूस खाली. फळा रिकामा, तर खाण रिकामी. आणि वर लाल रंगात एकच नियम लिहिलेला: दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावू नये.

तुझ्या नवऱ्याला रांग म्हणजे जन्मठेप. पाळी सुटली की दीडशे माणूस त्या खिडकीशी यायचा. एक दिवस तो मला म्हणाला, 'ताई, दोनचा भोंगा झाला की माझा बिल्ला तूच काढून ठेवत जा ना. मी दिवा टेबलावर टाकतो नि सुटतो.' मी म्हटलं, 'मेल्या, माझी नोकरी घालवशील.' तर भर खिडकीत हात जोडून उभा राहिला, 'घरी पोरगं वाट बघतंय' म्हणाला. एवढंसं पोर, त्याला कसली वाट बघता येतेय! पण मी विरघळले. गोड बोलायचा मेला.

सहा महिने मी रोज भोंगा झाला की सगळ्यात आधी त्याचा बिल्ला काढत होते, तो वर यायच्या आधीच. ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि सकाळी त्याच्या हातात द्यायचे. कुणाला काही कळलं नाही आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या दिवशीही काढला. मग पाळी वर आली, रांग लागली, मी मान खाली घालून दिवे घेत राहिले. तो आला नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्याचा दिवा जागेवर नव्हता, पण कधीकधी तो दिवा तसाच घरी न्यायचा आणि दाराला अडकवायचा, ते तुला ठाऊक आहे. त्यावरून मी त्याला किती बोलायचे.

अडीचला जमीन हादरली. फळीवरचे दिवे खणखणले. दुसरी पाळी अजून उतरायची होती. मुकादम धावत आले, तोंड पांढरं पडलेलं. 'दिवेवाली, सगळे वर आहेत ना?'

मी म्हटलं, 'फळा बघा ना.'

फळा रिकामा होता. मुकादमांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि हसले. 'वाचलो,' म्हणाले.

संध्याकाळी तू पोराला कडेवर घेऊन माझ्या दारात आलीस. 'ताई, हा अजून आला नाही.' मी म्हणाले, 'वर आलाय गं, बिल्ला नाही फळ्यावर. गेला असेल कुठेतरी भटकायला.' मी तुझ्याशी त्या वेळी खोटं बोलत नव्हते. रोजच्यासारखा वर आला असणार असंच मी धरून चालले होते. एवढं माझं मान.

हात दुखतोय म्हणून थांबते. हात दुखत नाही, कशाला खोटं सांगू. पुढचं लिहवत नाही.

ताई


२१ एप्रिल

छोटे,

कधीपासून, ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहापासून.

ड्रॉवर उघडला तर बिल्ला तिथंच होता. रांग सरकत होती, बिल्ला मागायला तो आला नाही, त्याच्या जागी मागचा माणूस पुढे आला. दिवा तुमच्या दाराला नव्हता, हे मी येतानाच बघितलं होतं, कारण तू त्याच दारात बसली होतीस. मला तिथंच कळलं. सगळं कळलं. स्टुलावर बसले आणि पुढच्या माणसाला दिवा दिला.

बोगद्यातून विषारी धूर येत होता, म्हणून भिंत घालून तो बंद करायचा हुकूम आला. सहा गवंडी आले. त्यांना दिवे मीच दिले, छोटे. सहाही जणांना, वाती नीट कापून. विटांच्या गाड्या माझ्या खिडकीसमोरून खाली जात होत्या. नऊला काम सुरू झालं आणि बाराला संपलं. मुकादम मधे एकदा खिडकीशी आले, घामानं भिजलेले, पाणी मागितलं. मी पाणी दिलं. तीन शब्द बोलायचे होते फक्त. 'वाऱ्या आत आहे.' ते बोलले नाही, रिकामा पेला परत घेतला.

भीती होती. नोकरी जाईल, तुरुंगात घालतील, माझी दोन पोरं उघड्यावर पडतील. पण नुसती भीती असती तर एक वेळ मीच मला माफ केलं असतं. मी स्वतःला पटवत होते की तो गेलाच असेल. आदल्या दिवशी म्हणाला होता ना, 'ताई, बंदरावर काम मिळतंय. आम्ही तिघं एकदा इथून सुटलो की मागं वळून बघणार नाही.' तू मला विचारलंस, शेवटचं काय बोलला? मी सांगितलं, 'बंदरावर जायचं म्हणत होता, मागं वळून बघणार नाही म्हणाला.' 'आम्ही तिघं' एवढं मी गाळलं.

ते दोन शब्द गाळले आणि तो पळपुटा झाला. पळून गेलेल्याच्या बायकोला कंपनीचं घर ठेवता येत नव्हतं. दोन वर्षं माझ्या घरात राहिलीस, आणि मी तुला शहाणपणा शिकवला की विसर त्याला, दुसरं लग्न कर, अशा माणसासाठी जन्म जाळू नकोस. त्यावरून तू मला काय काय बोललीस आणि पोराला घेऊन निघून गेलीस. लोकांनी तुलाच नावं ठेवली, थोरल्या बहिणीनं एवढं केलं तरी जाण नाही म्हणून. मी ऐकून घेतलं. मला ते सोयीचं होतं.

त्या नऊ ते बारामध्ये तो जिवंत होता का? मला माहीत नाही. कंपाउंडरला आडून विचारलं, तो म्हणाला, त्या धुरात पाव तासही कुणी टिकणार नाही. खरं असेल. मला तरी तेच धरून चालायचंय, पण चालता येत नाही. म्हणून घरभर फिरत असते.

माफ कर असं लिहिणार होते. ते तुझ्याकडे मागण्याचं तोंड मला नाही. मला लाज वाटते. एकतीस वर्षं वाटतेय, आणि त्या लाजेनं तुझं कणभरही भलं झालं नाही.

ताई


२९ एप्रिल

छोटे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की मी जिना उतरते, आणि तो मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

रविवारी दुकानात सगळ्यांना सांगितलं. मास्तर यादी वाचत होते, बारा नावं झाली, आणि ते चष्मा काढणार तेवढ्यात मी उभी राहिले. भाषण करता येतं कुठे मला! म्हटलं, 'तेरावा वाऱ्या. तो पळाला नव्हता. त्याचा बिल्ला मी काढला होता, आणि भिंत घालायच्या आधी मला ते कळलं होतं.'

शिंपीणबाई पहिली बोलली. 'आणि एवढं पोटात ठेवून तू आमच्यात बसून हसत होतीस?' मी म्हटलं, हो. कंपाउंडर उठून बाहेर गेला आणि परत आला नाही. मुकादमांनी फक्त दोन प्रश्न विचारले.

'गवंड्यांना दिवे तू दिलेस?'

'हो.'

'आणि मला पाणी?'

'हो.'

मग ते बाकाला धरून उठले. मास्तरांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

आज दुपारी मुकादम घरी आले. मुलगी खाली रिक्षात थांबली होती. तीन जिने चढून आले, त्यामुळे दहा मिनिटं नुसता दम खात बसले. मला वाटलं, आता शिव्या देणार. देऊ देत, असंच मनात होतं. तर म्हणाले, 'दिवेवाली, मी फळा बघितला. माणसं उभी करून नावं पुकारायला हवी होती. दहा मिनिटांचं काम होतं. मला सुटल्याचा इतका आनंद झाला, की मी ती दहा मिनिटं घेतली नाहीत.' मग हात पुढे केला, 'कागद आण.' मास्तरांकडून आणखी एक कोरा कागद मी घेऊन ठेवला होता, त्यावर त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. नाव ओळीबाहेर गेलं. चहा ठेवत होते तर नको म्हणाले. 'तुझ्या हातचं पाणीही नको आता,' म्हणाले आणि भिंतीला धरून धरून खाली उतरले.

तो कागद पाठवतेय. त्यावर मुकादमांची सही आहे आणि मी सगळं लिहून दिलंय, खाली माझीही आहे. तुझी जागा रिकामी आहे. दहा तारखेला अकरा दिवस उरले.

तू नाही केलीस तर मी काही म्हणणार नाही. पण माझ्यावरचा राग त्याच्या नावावर काढू नकोस. त्या बिचाऱ्यानं तुझं काय बिघडवलं होतं?

ताई


५ मे

ताई,

सही केली. कागद मास्तरांना परस्पर पाठवला. तुझ्याकडे पाठवायची इच्छा नव्हती.

तुझं एकवीस तारखेचं पत्र वाचलं आणि दोन दिवस घरातली सगळी भांडी घासत बसले. स्वच्छ होती तीही. शेजारीण विचारायला आली, पाहुणे येणार आहेत का?

एकतीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. पोराला ताप आला की शिव्या, घरमालकानं सामान बाहेर काढलं की शिव्या. कुठल्याशा बंदरावर तो मजेत असेल, पोट सुटलं असेल, दुसरी बायको असेल, हे मी इतक्यांदा डोळ्यासमोर आणलं की तिचा चेहरासुद्धा मला माहीत होता. त्या रागावर मी उभी राहिले. पोराला वाढवलं तेही त्यावरच. तुझा बाप नालायक होता हे त्याला जगानं नाही शिकवलं, मी शिकवलं. आता हे सगळं परत कसं घेऊ ते सांग. तुला नाही सांगता येणार.

'आम्ही तिघं' असंच म्हणाला होता ना? नक्की? एवढी एकच ओळ मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. इतक्या वर्षांत मला तेवढी दिली असतीस तरी चाललं असतं.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मागितली असतीस तर नाही म्हणाले असते. मला यापुढे पत्र लिहू नकोस. मी दगड बघायला येणार नाही. त्या गावात मला पाय ठेवायचा नाही.

मुलाला मी काही सांगितलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचार केला, मी का सांगू? मी का त्याच्यासमोर रडू? हे माझं काम नाही. त्याला एवढंच म्हटलंय की सोळा तारखेला तिथं जा, तुझी मावशी येणार आहे, तिला तुझ्याशी बोलायचंय. कटकट केली, पण येतोय. तू सांग. कागदावर नाही, त्याच्या तोंडाकडे बघून सांग. विटा, दिवे, पाणी, सगळं. तो ओरडेल. त्याचं ओरडणं संपेपर्यंत तिथून हलायचं नाही.

सकाळी दहाच्या बसनं उतरेल. उंच आहे, बापावर गेलाय. तुला तो ओळखणार नाही. तूच पुढे हो.